तिसरी-चौथीच्या मुलांसाठी सोपे चित्रकलेचे तास : काय घेता येईल? (डोंगर-सूर्य-नदी सोडून)

ठिपक्यांची_वही | शनिवार, दुपारी २:१०

मंडळी मदत हवी आहे. परळला आमच्या घराजवळ मराठी माध्यमाची एक शाळा आहे, पट कमी झालाय, चित्रकलेला वेगळे सर नाहीत. मी आपलं सहज मुख्याध्यापिका बाईंना विचारलं की शनिवारी सकाळी येऊन चित्रकला घेऊ का, त्या दुसऱ्या सेकंदाला हो म्हणाल्या आणि मी फसले :) बँकेत नोकरी करते, शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, तेवढंच भांडवल.

तिसरी आणि चौथी एकत्र बसतात, ३४ मुलं. तास ४० मिनिटांचा पण हजेरी, पट्टी कुणी घेतली, बाई पाण्याला जाऊ यात दहा जातात. नळ खाली जिन्यापाशी. सामान म्हणजे ज्याचं त्याचं मेणखडूंचं खोकं, त्यात पांढरा सोडून बाकी सगळे अर्धे.

पहिल्या शनिवारी म्हटलं मनातलं काढा, जे आवडेल ते. ३४ पैकी २९ जणांनी एकच चित्र काढलं. कुठलं ते तुम्हाला माहितीच आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, कडेला नारळ, कौलारू घर, वर व्ही व्ही व्ही पक्षी. ही मुलं राहतात चाळीत नाहीतर एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये, खिडकीतून डोंगर कुणालाच दिसत नाही. एका मुलीला विचारलं, हे घर कुणाचं गं? तर म्हणाली, "कुणाचं नाही बाई, सीनरीतलं आहे."

तर अर्ध्या तासात होणारे, कमी सामानाचे, फार पसारा न होणारे तास सुचवा. मला स्वतःला भारी काढता आलं नाही तरी चालेल असे.

---

बोरकूट | शनिवार, २:४५

सीनरीतलं आहे 😂 माझ्या सूर्याला डोळे आणि हसू पण असायचं. वाचनखूण साठवली, आमच्याकडे पण एक सात वर्षांचा नग आहे.

---

तिखटमीठ | शनिवार, ४:०५

थोडं कडू बोलते, हलके घ्या. "मनातलं काढा" हा सगळ्यात आळशी तास. मला चित्रकलेची भीती याच वाक्याने बसली, माझ्या मनात काहीच नसायचं आणि शेजारची भराभर काढत सुटायची. त्यापेक्षा फळ्यावर काढून दाखवा ना, आधी गोल, मग कान, मग शेपटी, झाली मांजर. मुलांना जमल्याचा आनंद तरी मिळतो. आजकाल सगळ्यांना क्रिएटिव्हिटीचा फार पुळका आलाय.

---

खडूफळा | शनिवार, रात्री ९:३०

एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर होऊन ठाण्याला असतो. त्यामुळे जरा लांबण लागेल, सहन करा.

तिखटमीठ यांचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आणि दुसरं चूक, असं माझं मत. मनातलं काढा म्हटलं की मुलाच्या मनात जे तयार पडलेलं असतं तेच बाहेर येणार, आणि तिथे सीनरी पडलेली असते कारण ताईने, शेजारच्या दादाने, क्लासच्या बाईंनी सगळ्यांनी तीच काढून दाखवलेली असते. फळ्यावर गोल-कान-शेपटी दाखवलंत तर फक्त सीनरीच्या जागी मांजर येईल, ३४ एकसारख्या मांजरी. पुढच्या शनिवारी मांजर काढा म्हटलं की परत तीच, आणि घरच्या मांजरीकडे बघायचं काम कुणीच करणार नाही. म्हणून समोर वस्तू ठेवा. मनातलं नको, फळ्यावरचं नको, डोळ्यासमोरचं काढू दे.

वस्तू पण साधी आणि ज्याची त्याची हवी. माझा ठरलेला पहिला तास चपलेचा. पावसाळ्यात पोरं चपला-सँडल घालूनच येतात. प्रत्येकाने डावी चप्पल जुन्या पेपरवर ठेवून बाकावर घ्यायची, दोन मिनिटं नुसतं बघायचं, हातात पेन्सिल नाही. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे : पट्टा कुठून निघतो, कुठे घुसतो, टाच कुठे झिजलीय, आत काय लिहिलंय, किती भोकं. मग काढायची, कागद भरून, खोडरबर बंद. खोडरबर बंदवर दंगा होईल, होऊ द्या. चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढायची, बस.

आणि एक पथ्य. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. दाखवायचंच असेल तर आपल्या वेगळ्या कागदावर.

---

८_१२ची_लोकल | शनिवार, १०:१५

सर +१. माझ्या वहीत बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं "हत्ती हिरवा नसतो". हत्ती हिरवा का होता तर करडा खडू शेजाऱ्याकडे होता. ३० वर्षं झाली, अजून लक्षात आहे.

---

ठिपक्यांची_वही | पुढचा शनिवार, १:३०

चपलेचा तास झाला, सांगायलाच हवं.

आधी ही हसाहस. चप्पल बाकावर ठेवायची म्हणजे आई मारेल बाई. मग पेपर पसरले, चपला आल्या, वर्गात वास पण आला :) दोन मिनिटं बघायचं म्हटल्यावर पहिली तीस सेकंदं चुळबूळ आणि नंतर खरंच शांत झाले हो. एकजण ओरडला, बाई माझ्या चपलेत अंगठ्याचा खड्डा आहे. मग सगळ्यांना आपापले खड्डे सापडले.

मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला खालून सेफ्टीपिन लावून चालवलेलं. तो आधी चप्पल वर ठेवायलाच तयार नव्हता, मी पण आग्रह केला नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ठेवली, आणि चप्पल राहिली बाजूला, त्याने पिनच काढली कागदभर. पिनेचं डोकं, तिच्या शेपटीची ती गोल गुंडाळी, टोक जिथे डोक्यात जाऊन बसतं तो वाक, सगळं. चप्पल खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढी. मी आजवर शेकडो सेफ्टीपिना लावल्या असतील, ती गुंडाळी कशी वळते ते मला नसतं सांगता आलं.

बाकी सगळं एवढं गोड नव्हतं. सात-आठ जणांनी कागदावर चप्पल ठेवून सरळ कडेने गिरवली. खोडरबर बंदवर एक मुलगी रडली. आणि ३० मिनिटं कमीच पडली.

---

खडूफळा | शनिवार, ३:००

पिन! वा. तो कागद जपून ठेवा.

गिरवणाऱ्यांना रागावू नका, पुढच्या वेळी त्यांना उलट कामाला लावा : चप्पल पालथी करून तळव्यावर पातळ कागद ठेवायचा आणि वरून मेणखडू आडवा धरून घासायचा. तळव्याची नक्षी उठते. झेरॉक्सचा कागद यालाच बरा, चित्रकलेच्या जाड कार्ट्रिज कागदावर नीट उठत नाही. पानांचंही असंच होतं. मुंबईत जंगली बदामाची झाडं रस्तोरस्ती आहेत, पान घ्यायचं ताजं, शिरांची बाजू वर ठेवायची, कारण शिरा उठावदार तिथेच असतात. नाणी, गटाराच्या झाकणावरची अक्षरं, शाळेच्या जिन्याची जाळी, एक तास नुसता शाळाभर घासत फिरा.

---

गिरणगाव_आजी | शनिवार, ५:२०

मी नातीला भेंडीचे ठसे करायला दिले होते, छान फुलं उठतात. तुमच्या वर्गात होईल का बघा.

---

शाईपेन | शनिवार, ६:४०

भाजी रंगात बुडवायची? ज्या वर्गात काही मुलांचं मुख्य जेवण खिचडी आहे तिथे? मला नाही पटत.

---

गिरणगाव_आजी | शनिवार, ७:१०

अहो शाईपेन, भेंडी कोण बुडवतंय? देठाकडचा टवका, जो आपण चिरताना टाकूनच देतो, तो. भाजी झाली, ठसेही झाले. कांद्याचा मुळाकडचा तुकडा, कोबीचा दांडा, कारल्याची शेंडी, सगळं कचऱ्यात जाणारंच. आम्ही गिरणीच्या पगारात संसार केलेली माणसं, वाया घालवायचं मला नका सांगू :)

---

शाईपेन | शनिवार, ७:३०

आजी, शरणागती.

---

ठिपक्यांची_वही | दोन आठवड्यांनी, रविवार सकाळ

गटारीच्या गडबडीत लिहायचं राहिलं. भेंडीचा तास झाला आणि पहिला अर्धा पार फसला. मी देठं सकाळी कापून डब्यात भरून नेली, त्यांना सुटला चिकटपणा, रंग धरेचना, कागदावर नुसते बुळबुळीत डाग. शिवाय रंग ब्रशने लावायला दिला होता, तो भोकांत जाऊन बसायचा आणि ठसा म्हणजे गोल गोळा. शेवटी एका मुलीने स्वतःहून देठ फ्रॉकला पुसलं (तिच्या आईची माफी मागितली आहे) आणि तिचा ठसा खणखणीत उठला. मग सगळ्यांनी रद्दीने कापं कोरडी केली, स्टीलच्या ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर पोस्टर कलर पसरला, म्हणजे स्टँप पॅडच. तेव्हा कुठे जमलं.

पण त्यातून अशी गंमत झाली की मुलं कोपरे मोजायला लागली. भेंडीला बहुतेक पाच, एकाच्या भेंडीला सहा निघाले तर तो तासभर राजा. कांद्याची वर्तुळं, कारल्याचा काटेरी गोल. कुणीही एकाला सुद्धा सीनरी काढावीशी वाटली नाही.

एक शंका सर. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो असं मी छातीठोक सांगितलं आणि झाला चॉकलेटी. ३४ जणांसमोर. असं का?

---

खडूफळा | रविवार, ११:१५

तुमचा लाल शेंदरी असणार. व्हर्मिलियन किंवा स्कार्लेटमध्ये पिवळ्याचा अंश असतो, निळ्यात मिसळला की तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि चिखल होतो. जांभळ्यासाठी क्रिमसन घ्या, तो गुलाबीकडे झुकणारा. आणि नारंगी करायला तुमचा शेंदरीच बरा. पण खरं सांगू, तुम्ही चुकलात ते फार छान झालं. पुढच्या तासाला दोन्ही लाल न्या, कुठल्या लालाने जांभळा होतो ते शोधा म्हणा. मग पिवळ्यात निळा थेंब थेंब वाढवत नेऊन पट्टी करायची, पहिला चौकोन पिवळा, शेवटचा निळा, मधे जितके हिरवे जमतील तितके. आमच्या एका विद्यार्थ्याने ११ हिरवे केले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं, त्यातलं एक होतं "डबक्यावरचा".

---

आठवलं_तर_सांगते | रविवार, दुपारी १:००

मधेच विचारते, माझी मुलगी तिसरीत आहे. हे चप्पल-भेंडी वगैरे ठीक आहे पण याचा एलिमेंटरीला उपयोग होईल का? नावच एलिमेंटरी आहे म्हणजे आत्ताच बसवायला हवं ना?

---

खडूफळा | रविवार, १:४०

नावावर जाऊ नका, ती परीक्षा हायस्कूलच्या मुलांची. कला संचालनालय घेतं, एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर. वस्तुचित्रात समोर भांडं-फळ मांडून तेच काढायचं असतं, म्हणजे बघायची सवय चपलेपासून लागली तर उपयोग होणारच. पण तिसरीतल्या मुलीला आत्तापासून घागर शेडिंग करायला बसवू नका, घागरीचा पण वैताग आणि मुलीचा पण.

याच वयाबद्दल अजून एक. सात ते नऊची मुलं आकाशाची निळी पट्टी वर काढतात, हिरवी जमिनीची खाली, मधे कोरा कागद. पालक म्हणतात आकाश खालपर्यंत भर. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात या वयाची खूण हीच, जमिनीची रेघ येणं. त्या मुलासाठी आकाश वर असतं, जमीन खाली आणि मधली ती हवा. त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे. पुढे डोळ्याला दिसायला लागलं की आपणहून खाली उतरतं आकाश.

---

८_१२ची_लोकल | रविवार, रात्री १०:५०

मी दिवसा केमिस्ट्री शिकवतो, माझ्याकडून एक. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळू द्या. मग कपडे धुवायच्या साबणाच्या वडीचं पाणी ब्रशवर घेऊन त्यावर चित्र काढा. पिवळ्यावर लालसर तपकिरी रेघ उमटते. हळद आम्लारीत लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना देऊनच करायचे. लिंबू पिळलं की परत पिवळं. फक्त उन्हाच्या खिडकीत लावू नका, हळदीचा रंग उडतो.

---

ठिपक्यांची_वही | ऑगस्ट, शनिवार

हळद हिट. "बाई जादू", दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. घरी जाऊन दोघांनी भिंतीला फासली, तो निरोप सोमवारी आला.

मेणाचा तास मात्र पावसाने खाल्ला. आयडिया अशी होती की पांढऱ्या मेणखडूने (बघा, तो एकच सगळ्यांकडे आख्खा असतो) गुपचूप पाऊस काढायचा, कागद शेजाऱ्याला द्यायचा, त्याने वरून पातळ निळा फिरवायचा, मेण पाणी धरत नाही म्हणून रेघा पांढऱ्या उमटतात. रेघा उमटल्या मस्त, पण तीन दिवस बाहेर धो धो, कागद आधीच सादळलेले, त्यावर पाणी, नुसता लगदा. वाळेनात म्हणून व्हरांड्यात दोरीवर लावले, वाऱ्याने सहा उडून समोरच्या पत्र्यावर गेले. त्यातला एक अजून तिथेच आहे, तो मुलगा रोज आपलं चित्र बघतो म्हणे. पावसाळ्यात झेरॉक्सच्या कागदावर पाण्याचे रंग, कानाला खडा. आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून जाड कागदाचा गठ्ठा आणला, सुट्टा घेण्यापेक्षा बराच स्वस्त पडला.

पाऊस जोरात असताना एक तास आयत्या वेळी सुचला तो सांगते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की माझं बोलणं ऐकू जाईना. म्हटलं, हा आवाज काढा. म्हणजे चित्रात. मग कुकरची शिट्टी, लोकल सुटतानाचा हिसका, भंगारवाल्याची हाक. फक्त पेन्सिल, फक्त रेघा. शिट्टी बहुतेकांची उभी वर जाऊन टोकाला फुटलेली. लोकल एकाने काढली ती आधी जाड, मग तुटक, मग तुटकाचीच लांब रेघ. विचारलं तर म्हणाला, "बाई आधी धक्का बसतो ना." शून्य सामान, शून्य पसारा.

पुढे वारली घ्यावी म्हणते. त्रिकोण-गोल सोपे पडतील.

---

चौकातली_चिमणी | शनिवार, संध्याकाळ ६:००

वारलीबद्दल एक विनंती, माझं आजोळ डहाणूकडचं म्हणून. "सोपी, काड्यांची माणसं" म्हणून नका शिकवू. आमच्याकडे लग्नात बायका गेरू-शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात, मधे पालघट देवी असते. बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश. जिव्या सोमा मशे यांनी ते कागद-कापडावर आणून जगभर नेलं, २०११ला पद्मश्री मिळाली, २०१८ला गेले. आणि मुलांना हेही सांगा की वारली फक्त लांब गावात नाहीत, मुंबईतच आरेच्या पाड्यांवर राहतात.

काढताना दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, कंबर तिथेच. गंमत त्या कंबरेत आहे, वरचा त्रिकोण थोडा कलता केला की माणूस वाकतो, पळतो, पाणी शेंदतो. आधी मुलांनाच उठवून करायला लावा, हंडा उचल, बस पकड, आणि बाकीच्यांनी ते त्रिकोणात बसवायचं. तारपा नाचाचा (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) वेढा शेवटी घ्या, तो दिसतो सोपा पण माणसं एकमेकांवर चढतात.

---

तिखटमीठ | शनिवार, रात्री ८:२५

वारलीत पण शेवटी दोन त्रिकोण काढून दाखवावेच लागणार ना? मग माझ्या मांजरीनेच काय घोडं मारलं होतं, सर? :)

---

खडूफळा | शनिवार, ९:००

हा हा. सापडलो. दाखवा हो, त्रिकोण दाखवा. मांजर पण दाखवा, पण खिडकीत खरी बसलेली असेल तेव्हा.

अवांतर : जमलं तर एकदा भायखळ्याला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमला न्या, परळहून जवळ आहे. तिथे वेगवेगळ्या लोकांची, धंद्यांची मातीची छोटी छोटी मॉडेल्स आहेत, मुलं काचेला नाक लावून बघतात. बुधवारी बंद असतं. प्रत्येकाने फक्त एक पगडी निवडून काढायची, सगळं म्युझियम पळत बघायचं नाही. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही पण लहानांना तिथे अर्ध्या तासात पाय दुखायला लागतात.

---

ठिपक्यांची_वही | शनिवार, दुपारी

म्युझियमची परवानगी मागितली आहे, बसचं बघावं लागेल.

आज सहज म्हणून पुन्हा पहिल्यासारखाच तास घेतला, फक्त "मनातलं"ऐवजी तुमच्या घराबाहेरचं काढा एवढंच सांगून. "सीनरीतलं घर" म्हणणाऱ्या त्या मुलीने चाळीची गॅलरी काढली. निळा ड्रम, त्याच्यावर उलटा घातलेला मग, दोरीवर गाऊन, दारात सहा चपला (चपला एक नंबर), कठड्याच्या उभ्या पट्ट्या. आणि गॅलरीच्या शेवटी, दोन बिल्डिंगच्या फटीत, दोन डोंगर आणि सूर्य. म्हटलं अगं हे कुठून आले? तर म्हणे, "तिथे मोठा टॉवर आहे बाई, त्याच्यामागे असतील."

सर, काय बोलू मी यावर? काही बोलले नाही.

आता गणपती तोंडावर आलेत, सगळ्यांना मूर्तीच करायची आहे. शाडू ३४ जणांना किती लागेल? आणि भेगा पडू नयेत म्हणून काय करायचं?

---

खडूफळा | शनिवार, ४:१५

बरं केलंत. त्या टॉवरच्या मागे काय आहे ते मलाही माहीत नाही.

शाडू : एकेकाला मोसंबीएवढा गोळा पुरे. तुम्ही परळलाच आहात, लालबाग-परळच्या कारखान्यांत विचारा, शाडू वापरणारा कुणी ना कुणी भेटेल, शाळेसाठी म्हटलं की देतात. आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात ठेवा, चपातीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट. सोंड वेगळी चिकटवली तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून पाणी लावून दाबायची, नाहीतर वाळल्यावर हमखास गळते. पंख्याखाली वाळवू नका, सावलीत, वर ओलं फडकं टाकून हळूहळू. उंदीर आधी करायला द्या, हात बसतो.

---

गिरणगाव_आजी | शनिवार, ५:००

आणि कणीक म्हणजे पुरीची हो, चपातीची नव्हे. बायकांना विचारून लिहित चला, सर.